चंद्रीच्या पोटातली वस्ती

चंद्री आडवी पडली होती आणि तिच्याभोवती अख्खी गल्ली उभी होती. पोट असं फुगलेलं, की रंकाळ्यात ढकलली असती तर चार पावणं बसवून फिरवून आणली असती.

“काय घातलंसा?” मी दत्तोबा गवळ्याला विचारलं.

“काय न्हाय की. लग्नातला उरलेला भात. जरासा.”

“आन जिलब्या कोण सांगनार?” आतून त्याची बायको.

मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. धडधाकट म्हशीच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावला की मिनिटाला एक-दोनदा ढग गडगडतो. चंद्रीच्या कुशीत मसणवट्याची शांतता होती.

आता ऐका. म्हशीला गवत पचत नाही. दचकू नका! तिच्या पोटाची पहिली पिशवी म्हणजे कोटीपोट. न्हाणीघरातलं पिंपच ते. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त. गवत फोडतात ते. म्हैस फक्त रवंथ करून त्यांना दळून देते. भात-जिलबीनं पिंपात आंबट झालं आणि चंद्रीची वस्ती मेली.

सोड्याच्या पाण्यानं पोट धुतलं. पण ओस गावात माणसं कुठून आणायची? दुसऱ्या म्हशीच्या पोटातून. तशी दांडगी म्हैस शेजारी एकच, तुकातात्याची राणी. आणि दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, त्यात कुणाची पुढं यावरून दत्तोबाचं आणि तात्याचं बोलणं बंद.

“न्हाय मिळायचं!” तात्या गरजला. “आज पोटातलं मागतोय, उद्या शिंगं मागंल!”

मी वाद घातला नाही. राणी रवंथ करत होती. तिच्या तोंडात हात घालून चिमूटभर घास ओढला, त्याचा थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोप उन्हात मांडला.

“बघा.”

तात्यानं डोळा लावला.

“आयला! ही तर जत्रा हाय! ह्यो बघा, ह्यो पळाला! समदी माझ्या राणीच्या पोटात?”

“ही एका थेंबातली.”

मग चंद्रीच्या पोटातला थेंब ठेवला. तात्या बघत राहिला. काहीच हललं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“न्या, डॉक्टर. पर बादली माझी.”

राणीच्या घशातून नळी घालून बादलीभर हिरवा रस काढला, गाळला आणि कोमट होता तोवर चंद्रीच्या पोटात सोडला.

दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप तात्याच्याच कानाला लावला. “गडगडलं!” तो एवढ्यानं ओरडला की पन्हाळ्यावर ऐकू गेलं असेल. पाठोपाठ चंद्रीनं शेपूट उचललं आणि धबाधबा शेण टाकलं. दत्तोबानं त्या शेणाच्या पोवाला हात जोडले. खोटं नाही, मीही जोडले.

पाडव्याला चंद्री राणीच्या पुढं निघाली, तेव्हा तात्या रस्त्यावरून सगळ्यांना सांगत होता, “पळतीया ती, पर इंजान आमचं हाय!”

एवढी वर्षं पोटं तपासून माझं एकच मत झालंय. लग्नाचा उरलेला भात माणसांनीच संपवावा.