बनियनवरचा ठिपका

२००५ साली मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावात गाड्यांच्या सीटचं डिझाइन करत होतो. वय सत्तेचाळीस, वजन शंभर किलोच्या पुढे. एप्रिलमध्ये आंघोळ करताना डाव्या स्तनाग्राखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने कुणाला बोललो नाही. मग कपडे धुवायला टाकताना बायकोला माझ्या बनियनवर रक्ताचा ठिपका दिसला. तिनं मला काही विचारलं नाही, सरळ अपॉइंटमेंट घेतली.

मॅमोग्राफीच्या वेटिंग रूममध्ये सगळ्या बायकाच होत्या. नर्सनं आडनाव पुकारलं आणि बायकोकडे बघून हसली. पेशंट हे आहेत, असं बायकोला सांगावं लागलं. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती. मी तिथे रेघ मारली.

आठवड्यानं, गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर, डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, हा स्तनाचा कॅन्सर आहे. रिपोर्टची अदलाबदल झाली असेल, असं मी म्हणालो. त्यांनी कागदावरच्या माझ्या जन्मतारखेवर बोट ठेवलं. त्यापुढचं मला काहीच ऐकू आलं नाही. ते बायकोनं नंतर गाडीत सांगितलं. गाठ इस्ट्रोजेनवर, बायकांच्या हार्मोनवर पोसत होती. ते पुरुषातही थोडं असतं, पण अंगातली चरबी पुरुषी हार्मोनपासून ते आणखी तयार करते. माझ्या गाठीचं कारण तेच, असं मात्र ठामपणे सांगता येत नाही, असंही बाई म्हणाल्या होत्या.

पार्किंगमधून गाडी काढायचं मला सुचेना. मी माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघत होतो.

"म्हणजे हे नुसतं पडून नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली. "काम करत होतं."

आमच्या ओळखीचे एक काका इथे तीस वर्षं सर्जन होते, आता निवृत्त. त्यांना फोन केला, तर त्यांनाही हे नवीन होतं. ऑपरेशनमध्ये चरबी म्हणजे त्यांना फक्त बाजूला सारायची अडचण वाटायची. चार दिवसांनी त्यांनी वाचून पुन्हा फोन केला. चरबी लेप्टिन नावाचं आणखी एक हार्मोन सोडते. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि प्रयोगशाळेत कॅन्सरच्या काही पेशींना वाढायला चिथावतं. माणसात नेमकं काय होतं, ते अजून ठरलेलं नाही. "आम्ही तिला साठवणीची खोली समजत होतो रे," काका म्हणाले.

जुलैमध्ये ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांनी छातीचं ऑपरेशन म्हणजे बायपास समजून किती ब्लॉकेज होते, असं विचारलं. मी दोन म्हणालो. मग इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझ्या अंगातून वाफा यायला लागल्या. बायकोची पाळी त्याच वर्षी जात होती. जानेवारीच्या बर्फात आम्ही दोघं स्वयंपाकघराची खिडकी उघडून उभे राहायचो.

२००८ मध्ये तपासण्या स्वच्छ होत्या, वजन ऐंशीवर आलं होतं. नागपूरला गेलो, तर मी किती वाळलो म्हणून आईनं जेवण सोडलं. तोपर्यंत तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी शर्टाची बटणं सोडली.

तिनं व्रणावरून हात फिरवला.

"हे तर बायकांचं दुखणं. तुला कसं झालं?"

मी सांगायला लागलो. अर्ध्यातच तिनं मला थांबवलं आणि शर्टाची बटणं लावून दिली.