मेव्हण्याची बर्फगाडी आणि माझं तेलपाणी

आमच्या सावली गावाकडे बर्फ फक्त रसवंतीत आणि लग्नात मिळतो. तरीही आमच्या अंगणात बर्फावर चालणारी गाडी उभी आहे.

ती माझ्या मेव्हण्याची. प्रकाश सैन्यात मेकॅनिक होता. उभी नोकरी डोंगरावरच्या बर्फात अशाच गाड्या दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. हा एक भंगारातली बर्फगाडी ट्रकात घालून थेट बहिणीकडे आला! पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा आणि मधे टू-स्ट्रोक इंजिन.

"भाऊजी, बर्फ काय अन् चिखल काय, घसरण सारखीच!" प्रकाश म्हणाला. "यंदा रोवण्याले ट्रॅक्टरची वाट पाहाचं कामच नाई. मागं फळी बांधली का बांधी तयार!"

(रोवणा म्हणजे धानाची लावणी आणि बांधी म्हणजे धानाचं शेत. पुण्याकडच्या वाचकांनी उगाच कोणाला बांधून ठेवल्याचं समजू नये.)

मी फक्त एवढंच विचारलं, "हे बिघडते कायनं?" आणि तिथेच फसलो.

"तेलानं! या इंजिनात खाली तेल साचून नसते. तेल पेट्रोलसोबतच जाते अन् जळून जाते. तेल पोचलं नाई का पिस्टन जागेवरच चिकटला. इंजिन खतम!"

'खतम' हा शब्द त्याने असा उच्चारला की मी तेलाचा धसकाच घेतला. पुढचे चार दिवस मी तेलाशिवाय दुसरं बोललो नाही. टाकीत किती? पंप कुठे? थंडीत तेल घट्ट होऊन पाइपात अडकतं म्हणे, मग आपल्याकडच्या उकाड्यात काय होतं? शेवटी बायको म्हणाली, "अवो, मले कधी एवढं विचारलं का, जेवली का म्हणून?"

रोवण्याच्या आदल्या दिवशी एक बोल्ट तुटला. तो आणायला प्रकाश दुसऱ्या सकाळी गडचिरोलीच्या बसमध्ये चढला आणि खिडकीतून त्याने आम्हा सगळ्यांना ओरडून सांगितलं, "तेलाचा पाइप खोलला होता, पंपात हवा असन! पहिल्या टाकीच्या पेट्रोलातच थोडं तेल मिसळा! अन् मी आल्याबिगर सुरू करू नका!"

आमचं घर आज्ञाधारक. मी घरी येऊन पेट्रोलात तेल मिसळलं. थोडं म्हणजे किती, हे न कळल्यामुळे भरपूर मिसळलं. मी हात धुवायला गेलो तेव्हा माझा विसरभोळेपणा ओळखून असलेल्या बायकोने मिसळलं. आणि आम्हा दोघांवरही विश्वास नसलेल्या माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, उरलेला डबा उपडा केला. कोणी कोणाला सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं, असे आमच्याकडचे संस्कार!

तेवढ्यात रोवणाऱ्या बाया आल्या. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून पेंढ्या बांधून ठेवलेल्या, आणि बांधीत चिखलच केलेला नाही.

"बाया बसून राह्यल्या. रोपं सुकून जातीन," बायको म्हणाली. "करा नं तुमीच सुरू!"

"प्रकाश नाई म्हणला नं."

"काऊन? तेल घातलं नं?"

"घातलं."

"मग भेता कायले?"

या तर्कापुढे मी हरलो. बोल्टच्या जागी तार आवळली, मागे फळी बांधली, गाडी बांधीच्या कडेला ढकलली, वर बसून दोरी ओढली. एकदा. दोनदा. सातव्यांदा इंजिन खोकललं, आणि जगाचा रंग बदलला.

धूर! पांढरा, निळसर, दाट! आधी फळी दिसेनाशी झाली, मग बाया, मग माझे स्वतःचे हात. धुरात धुरा (म्हणजे शेताचा बांध) दिसेना. त्यात हँडलवरच्या वेगाच्या खटक्यात चिखल जाऊन खटका दाबलेलाच अडकला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी थांबवायची कशी, हे मी विचारलंच नव्हतं. माझे सगळे प्रश्न तेलाबद्दल होते!

"थांबवा नं!" धुरातून बायकोचा आवाज.

"कसं?"

"मले काय मालूम!"

गाडी धुरा ओलांडून शेजारच्या बंडूभाऊच्या बांधीत शिरली. तिथून पुढच्या. तिथून त्याच्याही पुढच्या. मागे फळी इमानाने चिखल करत होती. एवढ्यात जंगलाकडून वनरक्षक हातात ओल्या फांद्या घेऊन धावत आला. भर पावसाळ्यात वणवा लागल्याची नोंद कशी करायची, ही चिंता त्याच्या तोंडावर दिसत होती.

"कुठी लागली आग? काय जळून राह्यलं?"

मामाजी धुऱ्यावर बसून शांतपणे म्हणाले, "काई नाई, साहेब. आमचे जवाई आहेत ते."

शेवटी प्लग तेलाने न्हाऊन निघाला आणि गाडी आपोआप बंद पडली. धूर निवळला. बंडूभाऊच्या तिन्ही बांध्या लोण्यासारख्या झाल्या होत्या. आमची होती तशीच! बंडूभाऊ मात्र भला माणूस. बाया आमच्या, पऱ्हे आमचे, पण ते सुकू नयेत म्हणून त्याने आपल्या बांधीत लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची बैलजोडी व स्वतःचे पऱ्हे आम्हाला दिले.

त्याच दुपारी प्रकाश बोल्ट घेऊन परतला आणि त्याने इंजिन उघडून आत डोकावलं.

"चिकटलं का रे?" मी भीत भीत विचारलं.

"चिकटते? भाऊजी, पिस्टन पोहून राह्यला! उभ्या नोकरीत इतकं ओलं इंजिन नाई पाह्यलं."

मी हे कौतुकच समजलो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या चार बाया दारात आल्या. परवा वस्तीपर्यंत पसरलेल्या धुराने म्हणे तिथले डास साफ झाले होते. "भाऊ, आमच्या नालीकडं कधी येता?"

"बाई, मशीन माझ्या मेव्हण्याचं आहे," मी ताठ मानेने सांगितलं. "त्यालेच विचारा."

आतून बायकोचा आवाज आला, "मशीन त्याचं आहे, पण इतका धूर त्याले नाई जमत. आमच्या ह्यायलेच घेऊन जा!"

आणि काय सांगू, सोमवारपासून मी गल्लोगल्ली धूर करायला जातोय.