फटफटीचं हसू

बाइंडरमामा अख्ख्या गल्लीचे मामा. जुनी पुस्तकं उसवायची, नव्याने शिवायची, पुठ्ठा चढवायचा, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. पुढे बोटं आखडली, सुई धरवेना, तेव्हा दुकान बंद करून ते घरी बसले. बायको मागेच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात आता ते आणि धाकटी बहीण, दोघंच.

मामांचा जीव एका जुन्या विनोदी मालिकेत अडकलेला. गोष्ट एका कचेरीतली. ती लागायची तेव्हा गल्लीत टीव्ही फक्त मामांकडे, त्यामुळे दर आठवड्याला शेजारपाजार त्यांच्या घरात दाटीवाटीने बसायचा. त्या कचेरीत एक तोतरा कारकून होता. साहेब त्याला 'फटफटी' म्हणायचा, का तर दोन-चार किका मारल्याशिवाय हा सुरूच होत नाही.

मामांची बहीणही तोतरी. दुसऱ्याच आठवड्यात मामांनी तिला फटफटी म्हणून हाक मारली. सगळे हसले, तीही हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा नाव सांगताना ती अडली. वातावरण हलकं करायला मामाच म्हणाले, "थांबा, हिला दोन किका लागतात." पाहुणे पोट धरून हसले, चहा पिऊन गेले, आणि पुन्हा काही त्यांचा निरोप आला नाही. मामांनी पाहुण्यांनाच नावं ठेवली. त्यानंतर बहीण दुकानात छापील कागदांच्या घड्या घालायला बसू लागली. तिथे बोलावं लागत नसे.

यंदा शेजारच्या मास्तरीणबाईंनी मामांना नव्या टीव्हीवर ती मालिका शोधून दिली, सगळेच्या सगळे भाग. मामा हरखले. संध्याकाळी बहिणीला शेजारी बसवून त्यांनी पहिले दोन भाग लावले. संवाद तोंडपाठ, त्यामुळे वाक्य यायच्या आधीच ते हसत होते. पण हसू काही टिकेना. विनोद जुन्या चपलेसारखे ओळखीचे होते, तरी कुठेतरी टोचत होते.

तिसऱ्या भागात कारकून आला. तो अडखळला, साहेबाने टाच आपटून किक मारली, मागून शंभर माणसांचं हसू वाजलं. मामा हसता हसता थांबले. त्या नटाने काम चोख केलं होतं. नजर फायलीवर खिळलेली, मानेची शीर टरारलेली. ती शीर मामांनी घरात रोज पाहिली होती.

बहीण मटार सोलत होती. मामांनी आवाज बंद केला.

"तू तर हसायचीस," ते म्हणाले.

ती शब्द जुळवू लागली. एरवी तिचं वाक्य मामाच पुरं करायचे. आज ते गप्प राहिले. बराच वेळ गेला.

"मी हसले नाही, की तुम्ही सगळे थांबून माझ्याकडे बघायचात," ती म्हणाली. "त्यापेक्षा हसलेलं बरं, दादा."

मामांनी माफी मागितली. ती रागावली नाही. आता या वयात ती माफी घेऊन मी काय करू, एवढंच तिने विचारलं आणि शेंगा संपवून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. तिने मान वर केली नाही. तीनदा हाक मारल्यावर तिने दाराकडे बघून विचारलं, कोण आलंय? तेव्हापासून मामा नुसतं "अगं" म्हणतात. वाण्याला त्यांनी सांगून पाहिलं, की तिला फटफटी म्हणू नका. वाणी मनापासून हसला. त्याला तो मामांचा नवा विनोद वाटला.

मग मामांनी दुसऱ्या मालिका लावून पाहिल्या. पण कुणी काही गमतीचं बोललं की ते आधी बहिणीच्या तोंडाकडे बघत. तिच्या ते लक्षात आलं. ती आता लवकर जेवून आपल्या खोलीत जाते. मामा बाहेरच्या खोलीत एकटे बसतात. टीव्ही लावत नाहीत. बहीण दार लोटून घेते, त्याचा आवाज तेवढा त्यांना ऐकू येतो.