भाऊसाहेबांचा एकच ज्युनियर

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात. फायली आणि किस्से. फायलींना निदान वाळवी लागते. किस्से तसेच राहतात, म्हणून सांगून मोकळे व्हावे लागते.

मी सातवी शिकलेला माणूस. बेचाळीस वर्षे वकिलाचा मुन्शी आहे. अर्ज, नकला, स्टॅम्प, तारखा, सगळे माझ्या हातून जाते. भुताखेताच्या गप्पा मला चालत नाहीत. ऑफिसात कोणी काढल्या तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते मी पाहिलेले किंवा माझ्या कानांनी ऐकलेले आहे, एवढे समजून घ्या.

आमचे साहेब म्हणजे भाऊसाहेब. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या तालुक्यात दिवाणी दाव्यांत त्यांच्यासमोर उभे राहायला लोक दोनदा विचार करतात. माणूस चिक्कू नाही. माझा पगार दर दिवाळीला न मागता वाढतो. गरीब पक्षकाराची फी ते परत करतात. पण ज्युनियरला दीड हजार. तीस वर्षांपूर्वी दीड हजार, आजही दीड हजार!

मागच्या वर्षी वैशाली आली. दुसरबीडची पोर. नुकती एलएलबी झालेली, सनद नवी, काळा कोटही नवा. बापाचे रस्त्यावर टायरचे दुकान. बापाने तिला एक वर्ष दिले होते. वर्षभरात स्वतःच्या कमाईवर राहून दाखव, नाहीतर सनद पेटीत ठेव आणि दुकानाच्या गल्ल्यावर बस. खोलीचे भाडे दोन हजार, पगार दीड हजार. उरलेले ती संध्याकाळी शिकवण्या घेऊन भागवत होती. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारले, "काका, इथं ज्युनियरचा पगार वाढतो कधी?"

मी म्हणालो, "आतापर्यंत कोणाचा वाढला नाही."

"आतापर्यंत म्हणजे किती जणांचा?"

"नऊ. तू दहावी."

मग तिला एकेक सांगावे लागले.

*

वरवट बकालचा एक भाजीचा व्यापारी आपल्या पोराला घेऊन आला होता. पोरगा अमरावतीहून वकिली शिकून आलेला. पगाराचा आकडा ऐकून बाप खुर्चीवरून उठलाच.

"वकीलसाहेब, माह्या दुकानात मिर्ची निवडणारी बाई महिन्याले याच्याहून जास्त नेते!"

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "मग सनद तिच्याच नावाने काढा."

बाप हसला. पोरगा हसला नाही. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे फाईल सरकवली. "सुधाकर, कोर्टात जा. तारीख घे."

पोराचे नाव किशोर. बाप गडबडला. "साहेब, हा किशोर व्हय."

"हो, हो," भाऊसाहेब म्हणाले. "जा सुधाकर, पुकारा होईल."

किशोर उठला आणि गेला. बापाने मला बाहेर ओट्यावर गाठले. "मुन्शीजी, हे सुधाकर कोन आहे?"

"पहिला ज्युनियर."

"मंग आता कुठी आहे तो?"

मी फाईल बांधायला घेतली.

*

तो कुठे आहे हे मला माहीत असते तर सांगितले असते.

सुधाकर संग्रामपूरकडचा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. दोन वर्षे होता. एप्रिलमधली दुपार होती. त्याने साहेबांसमोर उभे राहून सांगितले, "साहेब, दीडचे दोन करा. लग्न जमून राह्यलं."

भाऊसाहेब म्हणाले, "आधी तारीख घेऊन ये. आल्यावर बोलू."

कोर्ट रस्त्याच्या पलीकडे आहे. चाळीस पावले. तो फाईल घेऊन फाटकातून आत जाताना मी पाहिला. परत आला नाही.

संध्याकाळी मी कोर्टात गेलो. कारकुनाने रोजनामा दाखवला. वादीचे वकील हजर, अर्ज मंजूर, पुढची तारीख. खाली सुधाकरची सही. फाईल टेबलावर नीट बांधून ठेवलेली. माणूस नाही! पोलिसांनी कागद केले. आठ दिवसांनी त्याचा भाऊ आला आणि सायकल घेऊन गेला. कोणी म्हणे सुरतेला आहे, कोणी म्हणे पुण्याला. भेटला कोणालाच नाही.

पुढच्या महिन्यात दुसरा ज्युनियर आला. भाऊसाहेबांनी मान वर न करता म्हटले, "सुधाकर, आलास? बस."

तेव्हापासून प्रत्येक जण सुधाकर. आणि पगाराचा विषय ज्याने काढला त्याला एकच उत्तर. "आधी तारीख घेऊन ये. आल्यावर बोलू."

साहेब विसरभोळे आहेत म्हणाल, तर तसे नाही. तीस वर्षांपूर्वीच्या दाव्याचा नंबर विचारा, साक्षीदाराच्या बापाच्या नावासकट सांगतात.

वैशालीने हे सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "म्हणजे काका, साहेबांच्या मते इथं नवीन माणूस लागलेलाच नाही. एकच ज्युनियर आहे, आणि त्याच्या पगाराचं बोलणं तेवढं बाकी आहे."

"हाव."

पोरगी हुशार. मला हे समजायला पंधरा वर्षे लागली होती.

*

डोंगराकडच्या गावातली एक म्हातारी आमची पक्षकार होती. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा दावा. नवऱ्याने लावला, तो वारला, ही येत राहिली. मध्ये काही वर्षे तिच्याऐवजी मुलगा यायचा. मग एक दिवस ती स्वतः आली. त्या वेळी ज्युनियर म्हणून एक जाडजूड, चष्मेवाला पोरगा होता. सहावा की सातवा.

म्हातारी त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "अवो सुधाकर वकील, तुमी तं जसेच्या तसेच! माह्ये सारे केस पांढरे झाले."

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला खूण केली, जाऊ दे. बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला माणूस काय आणि खांब काय!

दोन महिन्यांनी तिचे ऑपरेशन झाले. पुढच्या तारखेला काळा चष्मा लावून आली. मीच मुद्दाम म्हणालो, "आजी, आता पाहा बरं नीट. हे सुधाकर वकील आहेत का?"

तिने चष्मा काढला. उठून त्या पोराच्या तोंडाजवळ तोंड नेले. बराच वेळ पाहिले.

"हाव," म्हणाली. "तोच व्हय. जेवते का नाही बाप्पा हा? किती वाळला."

पोराचे वजन नव्वद किलो होते.

*

वैशाली मात्र ऐकायची नाही. साहेब म्हणत, "सुधाकर, आलास?" ती म्हणे, "सर, मी वैशाली." साहेब म्हणत, "हो, हो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभर हे चालले. शेवटी मी तिला रागावलो.

"पोरी, हो म्हणून टाक न एकदाची. नावानं का अंगाले भोकं पडतात?"

"पडतात, काका," ती म्हणाली.

मला उलट बोललेले आवडत नाही. पण त्या दिवशी मी ऐकून घेतले. त्याला कारण आदल्याच दिवशी आलेला किशोरचा फोन.

किशोर म्हणजे मिरचीवाल्याचा पोरगा. तीन वर्षे राहून तो पुण्याला गेला होता. तिथे एका मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यू होता. तो संपल्यावर लगेच त्याने मला फोन केला. आवाज बसलेला.

"मुन्शीजी, सारं चांगलं झालं. कायद्याचं सारं सांगितलं. मंग त्या मॅडमनं इचारलं, पगाराची अपेक्षा काय. मी पन्नास हजार म्हणणार होतो. घरून पाठ करून गेलतो."

"मंग?"

"तोंडातून दीड हजार निघाले."

मी हसलो. तो हसला नाही.

"मॅडमले वाटलं मी मजाक करून राह्यलो. तिनं पुन्हा इचारलं. मी पुन्हा दीड हजारच म्हणलो. अन् मुन्शीजी, आवाज माहा नोयता."

*

अक्षर ओळखणे हा माझा धंदा आहे. कोणत्या अर्जाला कोणाचा हात लागला ते मी लांबून सांगतो. सुधाकरचे अक्षर डावीकडे कलणारे, बारीक, शिरोरेघ मध्येच तुटलेली. आमच्याकडचा प्रत्येक ज्युनियर सहा-सात महिन्यांत तसाच लिहायला लागतो. मी मनाची समजूत काढली होती की पोरे जुन्या फायलींतले अर्ज पाहून उतरवतात, त्यामुळे वळण येते.

वैशालीने जुनी फाईल कधी उघडली नाही. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे नमुने, सगळे टाईप केलेले. एके दिवशी लाईट गेली आणि पुकारा जवळ आला. तिने तारखेचा अर्ज हाताने लिहिला. माझ्यासमोर बसून लिहिला.

दुपारी तिने त्या अर्जाची झेरॉक्स आणि कॉलेजातली एक वही माझ्यापुढे ठेवली. वहीतले अक्षर गोल, टपोरे.

"हे माझं आहे. आणि हे कोणाचं, काका?"

मी झेरॉक्सवरची तुटकी शिरोरेघ बोटाने झाकली.

"मला खोटं नका सांगू. तुम्ही ओळखता."

"लाईट नोयती. घाई झाली असन," मी म्हणालो.

तिने दोन्ही कागद उचलले. "बापाने दिलेल्या वर्षातले दोन महिने राहिलेत. ते संपायच्या आधी मी साहेबांशी बोलणार आहे. माझ्या नावानं बोलणार आहे."

"घाई करू नको. साहेब मोठा माणूस आहे. कामही शिकून राह्यली न तू?"

"दिवाळीत तुमचा पगार वाढला ना, काका?"

"वाढला."

"मग तुम्ही मला थांबायला नका सांगू."

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या मधल्या सुट्टीत ती साहेबांच्या खोलीत गेली. मी तिथेच कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर नकला शिवत होतो. ऊन असे की रस्त्यावर कुत्रे नव्हते. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

ती पक्षकाराच्या खुर्चीत बसली, न विचारता. म्हणाली, "सर, माझं नाव वैशाली. मी इथं दहा महिने काम केलं. मला महिन्याला आठ हजार पाहिजेत. जमत नसेल तर आत्ताच सांगा. मला तारीख नको."

मला वाटले आता नेहमीचे उत्तर येणार.

भाऊसाहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले. आणि परक्या माणसाशी बोलावे तसे अदबीने म्हणाले, "कुठून आलात आपण?"

वैशालीचा चेहरा उतरला. "दुसरबीडहून."

"बरेच लांबून आलात. एलएलबी झाली?"

"हो, सर."

"बोलता चांगलं. नाव काढाल. पण बाई, माझ्याकडे जागा नाही. ज्युनियर आहे माझ्याकडे. तीस वर्षे झाली. नेक मुलगा आहे, त्याला मी काढू शकत नाही."

माझ्याच्याने राहवले नाही. "साहेब, ही आपलीच..."

"मुन्शीजी," ते म्हणाले, "यांच्यासाठी दुसऱ्या वकिलांकडे शब्द टाका. आठ हजार काही जास्त मागत नाहीत या. आजच्या दिवसात तेवढे तर द्यायलाच पाहिजेत."

वैशालीने डोळे पुसले नाहीत. ती उठायला लागली तसे भाऊसाहेब म्हणाले, "थांबा. उन्हातून आलात." आणि दाराजवळ ज्युनियरचे स्टूल असते तिकडे मान वळवून म्हणाले, "सुधाकर, बाईंना पाणी दे."

स्टुलावर कोणी नव्हते. खोलीत आम्ही तिघेच. माठ बाहेरच्या ओट्यावर, त्यावर झाकण, झाकणावर पेला. मी जागचा उठलो नाही. सुई माझ्या हातात होती. साहेब खुर्चीतच होते.

वैशालीने जागेवरूनच हात पुढे करून भरलेला पेला घेतला. सगळे पाणी प्याली. रिकामा पेला टेबलावर ठेवला. त्याच्या बाहेरून पाणी ओघळत होते. मग पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली, स्टुलाजवळ थांबली आणि त्या रिकाम्या जागेकडे वळून हळू आवाजात म्हणाली,

"तुम्ही पण चला ना, सर."