तळ पाहून आलेला माणूस

मुकुंदवाडीच्या टपरीवर तो रोज सकाळी चहाला भेटतो. विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी बुडी मारून काढणं हा त्याचा धंदा. बोलण्याआधी मान तिरपी करून कान झटकायची त्याची सवय. स्कूबा शिकायचं ठरवलं तेव्हा मी त्याला मालवण, मुरुडेश्वर, अंदमान असा बेत ऐटीत नकाशावर दाखवला. कान झटकून त्यानं एवढंच विचारलं, "तिथं तळ दिसतो का?"

मालवणला डोकं पाण्याखाली जाताच मी घाबरून बोटीवर चढलो. पुढचे दोन्ही मुक्काम रद्द केले. परतल्यावर त्याला मात्र सांगितलं, "चाळीस फुटांवर तळ लख्ख दिसतो."

तेव्हापासून मी आलो की तो बाकावरून उठतो. "बसा साहेब. तुमी तळ बघून आलात. आमी नुसतं गाळात चाचपडतो."

आणि मी बसतो.