तो म्हण, ती म्हण

वाचनालयात झाडू मारायला जायची मी तेव्हा. घोव दर्यात बुडाला, कुंकू गेलं, मग चार घरची भांडी नि वर हे. तिथला कारकून दर वाक्याला "बरं का मावशी" लावायचा. त्याचा एक दोस्त बोटीवर कामाला होता, तो त्याला नव्या इंग्रजी कादंबऱ्या पाठवायचा. दुपारी कोण नसलं की कारकून त्या मला मराठीत सांगायचा.

एकदा बुडालेल्या खलाशाची गोष्ट निघाली. तो भूत होऊन भरतीबरोबर किनाऱ्याला येतो.

"आणि किनाऱ्यावर तो त्याची वाट बघत बसलेला असतो, बरं का मावशी."

"तो कसा? ती म्हण."

"तोच."

"दोघंपण बापये?"

"दोघंपण. जीव आहे एकमेकांवर."

मला काय कळेना. इतक्यात एक मास्तर पेपर वाचायला आले, तशी ह्यानं लगेच "ती वाट बघत असते" अशी सुरुवात केलीन. कान लाल झालेले. मास्तर गेले, तसं पुस्तक मिटून खणात टाकलंन.

ती गोष्ट मला आजपण नीट कळलेली नाय. पण भरतीच्या वेळेला वाट मीपण बघितलेय.

"मग तो आला काय त्याच्याकडे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलंन.

"आला," म्हणाला. पुढे "बरं का" लावलं नाय.