ओल उतरायची वाट

पाणी खालून वर चढतं, असं सांगणाऱ्या माणसाला मी सुरुवातीला वेड्यातच काढलं. वरून गळलं तर समजू शकते, पण खालून? "अहो ताई, समईची वात तेल ओढते की नाही? तशी वीट पाणी ओढते," तो म्हणाला. हा भिंतीची ओल थांबवणारा केमिकलवाला. त्याच्या आधी प्रत्येकाने वेगळंच सांगितलं होतं. गवंडी म्हणाला, गच्चीला भेग आहे. शेजारीण म्हणाली, मोरीचा पाइप फुटलाय. हार्डवेअरच्या दुकानदाराने एक पावडर दिली, प्लास्टरमध्ये मिसळून लावा म्हणाला. लावली, तर महिन्याभरात त्या प्लास्टरचेच पापुद्रे जमिनीवर. माझ्या डोक्याचं पार दही झालं होतं.

आमचं घर पंचवटीच्या पलीकडे, तेव्हा आजूबाजूला अजून भाजीचे मळे होते. सगळी काळी माती. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, कारखान्यातली नोकरी सांभाळून ते बांधलेलं. मधल्या खोलीची भिंत फरशीपासून माझ्या कमरेपर्यंत कायम ओली, बुरशीचा वास मारणारी. आणि त्या खोलीत निजायची माझी पाच वर्षांची मुलगी. हिवाळा आला की तिची छाती सूं-सूं वाजायची. शेवटी डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, "भिंत कोरडी होईपर्यंत पोरीला या घरात ठेवू नका." दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. मग काय, पोरगी गेली सिन्नरला, माझ्या आईकडे. जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. माझ्या डोक्यात एकच: जूनच्या आत भिंत सुकली पाहिजे आणि माझी पोर घरी आली पाहिजे.

तिला सोडून आले त्या दिवशी माझा तोल गेला. नवऱ्याला म्हणाले, "असलं कसलं घर बांधलंय! घराच्या पायात ओल अडवणारा एक थर घालायची अक्कल नव्हती कोणाला?" दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यानंतर आमचं बोलणं चहापुरतं उरलं. मीही हट्टी. आपणहून तोंड उघडलं नाही.

मार्चमध्ये केमिकलवाला मशीन घेऊन आला. भिंतीच्या बुडाशी वितीवितीवर तिरकी भोकं पाडायची, त्यांत ते रॉकेलसारख्या वासाचं औषध ओतायचं, वीट नको म्हणेपर्यंत. मग ते आत बसतं आणि खालचं पाणी वर चढू देत नाही, म्हणे. स्वतः बांधलेल्या भिंतीला भोकं पडताना दादांना बघवेना. चपला घालून ते नदीवर निघून गेले, ते संध्याकाळी परतले. तोवर प्लास्टर कमरेपर्यंत उकरून झालं होतं, औषध ओतून झालं होतं, भोकं सिमेंटने बुजवून झाली होती. जाताना केमिकलवाला मला बजावून गेला, "आता वीट उघडीच राहू द्या. दोन महिने पाण्याचा थेंब लागता कामा नये. सुकली की मी प्लास्टर करून देतो." मी नवऱ्याला म्हटलं, दादांना सांगा. तो म्हणाला, हो हो.

मी शिवणाच्या क्लासवर शिकवायचे, बारा ते पाच, रविवारीसुद्धा. तिथला खडू आणून दर रविवारी मी ओलीच्या कडेवर रेघ मारायला लागले. पहिला रविवार, तिथंच. दुसरा, तिथंच. एप्रिल उजाडला, गच्चीवर टाकलेले पापड दोन तासांत कडकडीत वाळत होते, नाशिकचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि आत माझी भिंत आपली ओलीच! बुडाशी तर जास्तच गडद. सकाळी जरा फिकी वाटायची, संध्याकाळी घरी यावं तर पुन्हा काळी. हे कसलं गौडबंगाल? मी शेजारणीच्या नळावर संशय घेतला, तिच्याशी भांडले. मोरीची फरशी उचकटून पाहिली. केमिकलवाल्याला बोलावून बोलावून दमवलं. तो बोटांनी वीट ठोकायचा, डोकं खाजवायचा. "ताई, खरं सांगतो, मलाच कळत नाहीये." मी गल्लीत उभी राहून त्याला लबाड म्हटलं, औषधाच्या नावाखाली पाणीच ओतलंस म्हटलं. तो बिचारा मान खाली घालून गेला.

सिन्नरला फोन केला की पोरगी विचारायची, "आई, भिंत सुकली का गं?" मी म्हणायचे, "सुकतेय." आणि फोन ठेवून रडायचे.

शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला होता. क्लासवरची वीज गेली म्हणून मी तीनलाच घरी आले. मधल्या खोलीत पाहते तर दादा गुडघे टेकून बसलेले. शेजारी बादली. तांब्याने ते भिंतीच्या बुडावर पाणी मारत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही वीट न चुकवता. खाली सांडलेलं पाणी फडक्याने टिपून घेत होते.

"दादा! अहो, काय करताय हे?"

ते दचकले. मग जरा खुशीतच म्हणाले, "सिमेंट भरलंय, त्याला पाणी नको का मारायला? नाय तर भुसभुशीत होतंय. हे घर बांधलं तवा मी रोज कामावरनं येऊन मारायचो. तुमच्या कोणाच्या ध्यानात दिसंना, म्हनलं आपणच मारावं. पोरगी यायची हाय ना आता. भिंत पक्की पायजे."

"रोज मारता?"

"रोज. एक दिस चुकवला नाय."

माझ्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या रेघा आल्या. तेव्हा गप्प बसायला हवं होतं, किंवा नवऱ्यावर ओरडायला हवं होतं, निदान स्वतःवर तरी. पण माझी जीभ! मी म्हटलं, "तुमच्यामुळंच येत नाहीये ती. तीन महिने पोर घराबाहेर आहे, ती तुमच्या या पाण्यामुळं."

त्यांना लगेच उमगलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मग उमगलं. हातातला तांब्या त्यांनी हळूच बादलीत सोडला, उठताना भिंतीला हात टेकायला गेले आणि मध्येच मागे घेतला.

आठ दिवसांत पाऊस लागला. पावसाळ्यात भिंत काय सुकणार? पोरगी सिन्नरच्याच शाळेत पहिलीत बसली. नव्या दप्तराचा फोटो माझ्या भावाने पाठवला, तो मी कितीदा पाहिला असेन. दिवाळीच्या आसपास रेघ उतरली, विटा फिक्या पडल्या, केमिकलवाल्याने येऊन प्लास्टर केलं. मी त्याची माफी मागितली. भिंत त्याच्या औषधाने सुकली, की दादांचं पाणी मारणं थांबलं म्हणून सुकली, हे मला आजही सांगता येत नाही. त्यालाही सांगता आलं नाही.

पोरगी घरी आली तो दिवस मात्र लख्ख आठवतो. आल्याआल्या ती अंगणातल्या नळाखालच्या चिखलात मनसोक्त नाचली आणि ओट्यावर बसून पाय पुढे करून म्हणाली, "आजोबा, पाय धुवा ना." दादा धावतच पाणी घेऊन आले. वाकले, आणि तसेच थांबले. तांब्या हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, हितं सांडलं तर चालंल का?"

 मी नुसती हो म्हणून मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.